उलटे आटे

१

राजकन्या सिबिलेचा चेहरा चोरीला गेला, तेव्हा कुठे ग्रौएनफेल्सच्या दरबारात त्या चेहऱ्याची पहिल्यांदा कुणी चौकशी केली.

चेहरा म्हणजे चित्र. चर्मपत्राच्या नखाएवढ्या तुकड्यावर रंगवलेलं. ते होतं हस्तिदंताच्या एका डबीत, आणि डबी होती हस्तिदंताच्याच एका पोकळ गोळ्याच्या पोटात. गोळा संत्र्याएवढा, त्याला चहूबाजूंनी गोल खिडक्या. आतली डबी खिडकीपेक्षा मोठी. ती बाहेरून आत घातलेली नव्हती. एकाच दाताच्या तुकड्यातून, खिडक्यांमधून वाकडी हत्यारं घालून, आतल्या आत कातून मोकळी केलेली होती. डबीच्या तोंडाला काच. खिडकीला डोळा लावला की आत राजकन्या दिसे.

हा गोळा आमचे ड्यूक वोल्फ्राम यांनी स्वहस्ते कातला होता. तसं गोळ्याच्या बुडावर कोरलेलं होतं, आणि दरबारात कोरलेलं ते खरं. आमच्याकडचे राजे लढाया हरतात, जंगलं गहाण टाकतात, त्याचं त्यांना काही वाटत नाही. पण लेथवर बसून हस्तिदंत कातता येत नाही असं कुणी म्हटलं तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. शेजारच्या राज्याचे धनी, मारग्राफ लुटगर, तर कातकामासाठीच नावाजलेले. त्यांना मुलगी द्यायची, म्हणजे सासऱ्याच्या हातची वस्तू आधी जायला हवी.

कुजबुजीतलं सत्य वेगळं होतं. सगळं काम कातारी योब्स्ट करतो, सरकार शेवटी एकदा हत्यार टेकवतात, हे मुदपाकखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. मांजर बोलत नसे. दरबारीही बोलत नसत, फक्त मांजराला त्याबद्दल पगार नव्हता.

त्या सकाळी मार्शल फॉन ट्रेटविट्स यांनी कलादालनाचं कपाट उघडलं तर कुलूप शाबूत, गोळा शाबूत, डबी बंद, आणि काचेमागे नुसता पांढरा तळ. दुपारी मारग्राफचा दूत गोळा न्यायला येणार होता.

मार्शलनी न्याहारीच्या आत गुन्हेगार शोधून काढला. एरवी त्यांना स्वतःची टोपीही इतक्या लवकर सापडत नाही.

"डबी उघडायची युक्ती योब्स्टखेरीज कुणाला ठाऊक?" ते गरजले. "सरकारांच्या वस्तूला हात लावला, तो हात मनगटापासून उतरवायचा. दूत यायच्या आत. त्यालाही दिसू दे, इथे शिस्त आहे."

ड्यूकनी सुजलेला पाय उशीवर सरकवला आणि माझ्याकडे, म्हणजे खजिनदार क्नॉलकडे, पाहिलं.

"क्नॉल, तुला रोज कुणाची ना कुणाची चोरी सापडते. दुपारपर्यंत ही सापडली तर बघ. नाहीतर मार्शल म्हणतो तसं."

अंगणात ओंडका आणून ठेवल्याचा आवाज वरपर्यंत आला.

२

गोळा मी खिडकीशी नेला. डबीवर ओरखडे होते, ताजे.

"चोराचे," मार्शल म्हणाले.

"तुमच्या बाहीत सुई कसली खोचलीय?"

"ती होय? मी जरा उघडून पाहत होतो. आत काही राहिलंय का."

"उघडली?"

"उघडतेय कसली! चोरानं मोडून ठेवलीय."

"कुठल्या बाजूनं फिरवलीत?"

"डबी फिरवतात त्या बाजूनं! मी काय डबी पहिल्यांदा पाहतोय, क्नॉल?"

"म्हणजे ओरखडे तुमचे."

मार्शल लाल झाले. त्यांना लाल होणं शोभतं. चेहऱ्यावर दुसरं काही घडत नाही.

डबीचे दोन भाग आट्यांनी एकमेकांत बसवलेले, आणि दोन्हींना सुईच्या टोकाएवढी छिद्रं होती. समोरासमोरच्या खिडक्यांतून दोन सुया घालायच्या, एक धरायची, दुसरी फिरवायची. ज्याला ठाऊक नाही त्याचा हात घसरणार, मार्शलचा घसरला तसा. चोरानं मात्र डबी उघडली, चित्र गुंडाळून चिमट्यानं ओढलं, डबी पुन्हा लावली, आणि मागे एक रेघही ठेवली नाही. ही बोटं डबी ओळखत होती.

"कपाटाच्या किल्ल्या?" मी विचारलं.

"एक माझ्या गळ्यात. दुसरी सरकारांच्या उशाशी. तिथे पायाला लेप लावणाऱ्याखेरीज कुणी फिरकत नाही."

तेवढ्यात चित्रकार क्वाडे स्वतःच आत घुसला. न बोलावता येणं हा त्याचा एकमेव पक्का रंग.

"माझी कलाकृती!" तो म्हणाला. "कुणीतरी जळतोय माझ्यावर!"

"कोण जळेल बाबा तुझ्यावर?"

"राजकन्यांना देवीचे व्रण आहेत, गालभर. मी एक व्रण ठेवला नाही. नाक नीट केलं. ओठांना जरा उठाव दिला. त्यांनाच दाखवलं तर म्हणाल्या, 'छान आहे. कोण ही?' बघा! कदर नाही!"

"डबी कशी उघडते, ठाऊक आहे तुला?"

"मला? मी चित्र करून दिलं, आत योब्स्टनं घा..." तो थांबला. मार्शलकडे पाहिलं. "सरकारांनी घातलं. स्वहस्ते."

"आणि ते पाहिलंस तू?"

"सरकारांनी केलेलं काम पाहायला कुणी असतं का, क्नॉलसाहेब?"

या दरबारात मी ऐकलेलं हे पहिलंच खरं वाक्य, आणि बोलणाऱ्याला ते कळलंही नव्हतं.

३

योब्स्टला पहारेकऱ्यांच्या खोलीत बसवलं होतं. म्हातारा उजवा हात डाव्या हातात धरून बसला होता, जणू कुणी दुसऱ्याचा हात सांभाळायला दिलाय.

"बोल," मी म्हटलं. "युक्ती कुणाला सांगितलीस?"

"कुणाला नाही. गोळा सरकारांचा. मला काय ठाऊक?"

"योब्स्ट, इथे मार्शल नाहीत. इथे भिंतीसुद्धा आपल्याच आहेत."

"गोळा सरकारांचा," तो पुन्हा म्हणाला.

मी कंटाळून गोळा आणि दोन सुया त्याच्यापुढे ठेवल्या. "उघडून दाखव. मार्शलना जमली नाही. म्हणतात मोडलीय."

मोडलीय म्हटल्यावर कारागिराला राहवलं नाही. त्यानं गोळा डोळ्याजवळ नेला, ओरखडे पाहून दातांतल्या दातांत एक शिवी घातली, सुया बसवल्या आणि फिरवलं. मार्शलनी फिरवलं त्याच बाजूला. हललं नाही. तो थांबला. सुई हातात हलकेच तोलली, भुवया चढल्या, आणि त्यानं उलट्या बाजूला नुसतं बोट लावलं. डबी अलगद सुटली.

"उलटे आटे!" म्हातारा पुटपुटला. "वा!"

मग माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

मी आयुष्यभर माणसांचे हिशेब तपासलेत. माणूस स्वतःच्या कामाची बढाई मारतो, लाज बाळगतो, रडतो; पण स्वतःच केलेल्या आट्यांना कुणी चकित होऊन 'वा' म्हणत नाही.

"हा गोळा तू केलेला नाहीस," मी म्हणालो.

"म्हटलं ना, सरकारांनी केला."

"हे काम करायला काय लागतं?"

"लागतं काय! लेथ फिरवायची फळी पायानं आपली आपण दाबावी लागते." आता तो कामाबद्दल बोलत होता, त्यामुळे थांबेना. "मोठं चाक नोकराला फिरवायला लावून गोल भांडी होतात. हे नाही होत. आत हत्यार वाकडं चालतं, केसभर जागेत. पाय आणि हात एकाच माणसाचे हवेत. जरा..."

त्यानं जीभ चावली. आधीच फार बोलून गेला होता.

माझ्या मनात मात्र एक भयंकर शंका आली. सरकारांनी खरंच केला असेल तर?

४

शंका फार टिकली नाही. ड्यूक त्यांच्या कातखान्यात होते, मखमली एप्रन बांधून, दूत येण्याआधीचा सराव करत. उजवा पाय उशीवर, भोपळ्याएवढा. एक नोकर मोठं चाक फिरवत होता. दुसरा हत्यार धरून होता. सरकार त्या हत्यारावर बोट ठेवून होते, आणि बाकीचे दरबारी श्वास रोखून उभे होते, जणू जग आत्ताच निर्माण होतंय. एक कीस निघाला. "अहाहा!" सगळे एकदम म्हणाले. मार्शलनी तो कीस उचलून रुमालात बांधला.

"जमतंय ना, क्नॉल?" ड्यूकनी विचारलं.

"सरकार, असं काम मी कुठेच पाहिलेलं नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

तेव्हा गोळा सरकारांचा नव्हता. योब्स्टचाही नव्हता. अख्खा दरबार एका खोट्यावर विश्वास ठेवल्याचं दाखवत होता आणि आतून दुसऱ्या खोट्यावर खरंच विश्वास ठेवत होता. दोन खोट्यांमध्ये कुणीतरी तिसरंच, वर्षानुवर्षं, एक पाय फळीवर दाबत बसलं होतं.

पाय. हात लपवता येतात. त्यासाठी हातमोजे आहेत. बूट कुणी लपवत नाही, कारण बुटांकडे कुणी पाहत नाही. आणि रोज फळी दाबणाऱ्याचा एकाच बुटाचा तळ झिजणार. मी खाली मान घालून दालनादालनांतून फिरलो. दरबाऱ्यांना वाटलं, क्नॉल हरला. मार्शलचे बूट कोरे करकरीत; त्या माणसाचे बुटांआधी गुडघे झिजतात. क्वाडेच्या दोन्ही टाचा आरशापुढे फिरून सारख्याच घासलेल्या. पहारेकऱ्यांचे, खानसाम्याचे, धर्मोपदेशकाचे, सगळ्यांचे दोन्ही तळ जोडीनं झिजलेले.

आपल्या अंदाजाची मला जरा शरमच वाटू लागली होती. चित्राची चौकशी करायची म्हणून राजकन्येच्या दारात पोचलो. आत शेगडीशी तिचे साधे बूट वाळत घातले होते. डाव्याचा तळ जुनाच, जवळजवळ कोरा. उजव्याला तळावर तळ ठोकलेला, आणि वरचाही मध्ये पातळ होऊन आलेला.

५

"खजिनदार, काय पाहताय?" राजकन्या सिबिले आतल्या दारात उभी होती. "बूट हवेत का माझे?"

"एकच हवा, बाईसाहेब. उजवा."

ती हसली नाही. तिनं दासीला बाहेर पाठवलं आणि दार लावलं. तिची नखं सुताराच्या नखांसारखी तासलेली होती. इतकी वर्षं मी तिला पाहत होतो, पण चेहरा पाहून नजर वळवायची, ही आमची रीत. हातापर्यंत नजर पोचलीच नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"योब्स्ट भावाला शिकवायला येत. राजपुत्राला कातकाम यायलाच हवं ना! भाऊ झोपायचा. लेथ रिकामा राहायचा."

"योब्स्टला ठाऊक आहे?"

"त्यांनीच तर शिकवलं. त्यांचे डोळे गेलेत आता, खजिनदार. बारीक काम सगळं मीच करते. आटे तेवढे त्यांना न विचारता उलटे पाडले. त्यांना नंतर चकवायचं होतं."

"चकले. वा म्हणाले."

तिचा चेहरा क्षणभर असा उजळला की क्वाडेनं तो पाहिला असता तर ब्रश मोडून टाकला असता.

"आणि चित्र? सरकारांच्या पायाला लेप तुम्हीच लावता; तेव्हा किल्ली उचललीत, एवढं कळलं. का, ते सांगा."

"शेगडीत टाकलं. अख्ख्या गोळ्यात तेवढंच दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं. तिकडे तो मारग्राफ ती बाई बघणार, आणि उद्या मी उतरणार गाडीतून. चित्राशिवाय गोळा जाणार नाही, लग्न चार महिने तरी लांबेल, असं वाटलं."

"आणि योब्स्टचा हात आज दुपारी उतरवतायत."

"योब्स्टचा? त्यांचा काय संबंध?"

"डबी उघडायची कशी ते बनवणाऱ्यालाच ठाऊक असणार."

"पण गोळा तर बाबांनी बनवलाय!" ती ओरडलीच. "बुडावर लिहिलंय! बाबांवर कोण संशय घेणार? मला वाटलं, कुणाचंच नाव येणार नाही."

मी दरबारात मूर्खपणाचे खूप नमुने पाहिलेत. हा त्यांतला सर्वांत राजेशाही. ते खोटं तिच्याच पायानं चालत होतं, आणि तरी त्याच्यामागे ती तटबंदीमागे लपावं तशी लपली होती. योब्स्टबद्दलची कुजबुज तिच्या कानावर कधी आलीच नव्हती. राजकन्येशी कुजबुजणार कोण?

"मी जाऊन सांगते बाबांना."

"सांगा. सरकार सगळ्यांदेखत खोटे ठरतील. खोटा ठरलेला राजा कुणाला सोडत नाही. तुम्ही मठात, आणि योब्स्टचा एक नव्हे, दोन्ही हात जातील."

"मग काय करायचं?"

खाली अंगणात कुणीतरी कुऱ्हाडीला धार लावत होतं.

"मग सरकारांनाच खरं धरायचं," मी म्हणालो.

६

दालन भरलं होतं. योब्स्टला मध्ये उभं केलं होतं.

"सापडला चोर?" ड्यूकनी विचारलं.

"सरकार, चोरानं डबीवर ओरखडा काढला नाही. जे आहेत ते मार्शलसाहेबांचे."

"क्नॉल!" मार्शल.

"आटे उलटे आहेत. हे ज्याला ठाऊक, त्यानंच डबी उघडली. आणि ते फक्त बनवणाऱ्याला ठाऊक. इथवर मार्शलसाहेबांचं अगदी बरोबर आहे."

"मी पहिल्यापासून तेच म्हणतोय!" मार्शल फुलले. "म्हणून तर योब्स्ट!"

"मार्शलसाहेब, जरा स्पष्ट बोला. गोळा बनवला कुणी?"

मार्शलनी तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं.

"नाही, सांगा ना. युक्ती योब्स्टखेरीज कुणाला ठाऊक, असं आपण सकाळी म्हणालात. ती योब्स्टला कशी ठाऊक?"

ड्यूक हळूहळू मार्शलकडे वळले.

"हं, ट्रेटविट्स? कुणी बनवला?"

"सरकारांनी!" मार्शल किंचाळले. "स्वहस्ते! सरकारांनीच!"

"मग उलट्या आट्यांचं योब्स्टला काय कळणार?" मी विचारलं. "बनवणाऱ्यानं उघडली, आणि बनवणारे सरकार. आपली वस्तू आपण उघडली, आवडलं नाही ते काढून टाकलं. याला चोरी म्हणायचं म्हणजे सरकारांना काय म्हणायचं, ते मार्शलसाहेबांनी ठरवावं."

ड्यूक मूर्ख होते, पण राजे मूर्ख असले तरी आपली खुर्ची कुठल्या पायावर उभी आहे ते त्यांना कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि बुडणाऱ्यानं दोरी पकडावी तशी घाईही.

"काढलं मी," ते म्हणाले. "चित्र फालतू होतं. नाक कुणाचं होतं ते? क्वाडे, लाज वाटायला हवी."

"सरकार!" क्वाडे मटकन बसला.

"सोडा त्या म्हाताऱ्याला. आणि खालचा ओंडका हलवा, गाडी वळायला जागा नाही."

योब्स्टच्या दोऱ्या सुटल्या. तो दोन्ही हात पुन्हा पुन्हा चोळत राहिला. तेवढ्यात अंगणात शिंग वाजलं. मारग्राफचा दूत ठरल्या वेळेआधीच आला होता.

७

बॅरन फॉन लेस्टेन कोरडा माणूस होता, बोलणं मोजून, डोळे मात्र सगळं मोजणारे. त्यानं गोळा पाहिला, बुडावरची अक्षरं वाचली, आणि लवून म्हणाला, "अप्रतिम. आमच्या महाराजांची एकच इच्छा. डबी सरकारांच्या हातून उघडलेली मी डोळ्यांनी पाहून यावी."

ड्यूकच्या कपाळावर घाम आला. मार्शल छताकडे पाहू लागले. छतावर देवदूत होते, पण ते मार्शलच्या कामाचे नव्हते.

मी काही बोलणार, एवढ्यात राजकन्या पुढे आली. "बाबांच्या बोटांत आज सांधेदुखी भरलीय. मला शिकवलंय त्यांनी."

"हो," ड्यूक म्हणाले. "मीच शिकवलंय."

तिनं सुया घातल्या. उलट्या बाजूला एक हलका झटका, आणि डबी सुटली. रिकामी. बॅरननं रिकाम्या डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिची बोटं पाहत होता, मग तिच्या घागऱ्याखालचा उजवा बूट.

मग त्यानं मला खिडकीशी बाजूला घेतलं.

"खजिनदार, आपण दोघंही नोकर माणसं. सरळ बोलू?"

"बोला."

"आमचा कातारी गेल्या हिवाळ्यात वारला. तेव्हापासून आमच्या महाराजांचाही हात दुखतोय."

इतकं साधं होतं सगळं. मैलामैलावर एक राजा, आणि प्रत्येकाच्या मागे कुणाचा ना कुणाचा पाय.

"चित्राचं काय करायचं?" मी विचारलं.

"चित्र हवंय कुणाला? मी करार घेऊनच आलोय. लग्न याच महिन्यात. महाराज वाट पाहू शकत नाहीत. ईस्टरला त्यांना सम्राटांसाठी एक पेला 'कातायचा' आहे."

लग्न लांबवायला निघालेल्या मुलीनं ते थेट दाराशी आणून उभं केलं होतं. मी जाऊन तिला सांगितलं. ती योब्स्टशी बोलत उभी होती. म्हातारा तिला उलट्या आट्यांबद्दल रागावत होता, आणि रागावता रागावता हसत होता. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रडेल. तिनं योब्स्टकडे पाहिलं, मग कोपऱ्यात कागद चाळत उभ्या असलेल्या बॅरनकडे.

"करारात लिहून घ्या," ती म्हणाली. "योब्स्ट माझ्याबरोबर येणार. आणि मी जे कातेन त्याच्या बुडावर नाव माझं."

"बाईसाहेब, पहिलं जमेल. दुसऱ्याला मारग्राफ तयार होणार नाहीत."

"नाही झाले, तर त्यांना माझा निरोप सांगा."

"काय सांगू?"

"म्हणावं, स्वतः कातून बघा."